क्लोनझिला: डीटीपीच्या संगणकाची डिस्क रिकव्हरी पार्टिशनसह एसएसडीवर नेणारे साधन

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील लहान छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत (संगणकावर छपाईची पाने जुळवणाऱ्या दुकानांत) अजूनही बरेच जुने संगणक चालू आहेत, आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षे बसवलेली घडी मोडायला त्यांचे मालक सहसा तयार नसतात. मराठी लग्नपत्रिकेसाठी श्रीलिपी, कन्नड मजकुरासाठी नुडी, दोन्ही भाषांत निघणाऱ्या सौहार्द पतसंस्थेच्या अहवालाचे पेजमेकरमधील साचे, प्रिंटरची जुनी ड्रायव्हर्स, असा तो सगळा संसार एका फिरत्या हार्ड डिस्कवर असतो. डिस्क मंदावली की दुकानदार एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घालून नवे विंडोज टाकून देण्याचा सल्ला देतो. त्या सल्ल्यात तांत्रिक चूक काही नाही. परंतु ज्या सॉफ्टवेअरची सीडी कधीच हरवली आहे आणि ज्या फाँटचा परवाना कोणाच्या नावावर होता हेही आता आठवत नाही, ते सगळे पुन्हा कसे बसवायचे, याचे उत्तर दुकानदाराकडे नसते. अशा ठिकाणी जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवणे, म्हणजे क्लोन करणे, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. त्यासाठी मी क्लोनझिला हे साधन वापरतो, आणि हे परीक्षण त्याचेच आहे.

क्लोनझिला तैवानमधील राष्ट्रीय संगणन केंद्रात विकसित झालेले असून ते मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळते. त्याची फाइल पेन ड्राइव्हवर उतरवायची आणि संगणक त्याच ड्राइव्हवरून सुरू करायचा. विंडोज त्या वेळी पूर्ण बंद असल्यामुळे नकल घेताना कोणतीही फाइल उघडी राहत नाही. एसएसडीच्या कंपन्याही आपापली क्लोनिंग साधने देतात आणि ती वापरायला अधिक सोपी असतात; मात्र ती बहुधा त्याच कंपनीच्या एसएसडीवर चालतात, आणि सॅमसंगच्या साधनाच्या माहितीपुस्तिकेत तर संगणक बनवणाऱ्या कंपनीने तयार केलेले रिकव्हरी पार्टिशन (विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा वेगळा भाग) उतरवले जात नाही असे स्पष्ट नमूद केलेले आहे. मॅक्रियम रिफ्लेक्टची विनामूल्य आवृत्ती अनेकांच्या आवडीची होती, परंतु तिचा आधार, म्हणजे सुधारणा मिळणे, २०२४ च्या आरंभी संपला. त्यामुळे कोणत्याही कंपनीची डिस्क, कोणतेही पार्टिशन आणि शून्य खर्च अशी अट घातली, तर क्लोनझिलाला फारसे स्पर्धक उरत नाहीत.

दिसायला मात्र ते रूक्ष आहे. निळ्या-करड्या पडद्यावर अक्षरांच्या याद्या येतात आणि बाण व स्पेसच्या कळा दाबत पुढे जायचे असते. सुरुवातीला भाषा विचारली जाते. तिथे मराठी नाही आणि कन्नडही नाही, म्हणजे निदान या एका बाबतीत आपल्या सीमाभागात कोणालाच तक्रारीला जागा नाही. डिस्कची नावे लिनक्सच्या रीतीने एसडीए, एसडीबी अशी येतात. कोणती डिस्क मूळ आणि कोणती नवी हे त्यांच्याशेजारी छापलेल्या मॉडेल क्रमांकावरून आणि आकारावरून ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. लिहायला सुरुवात करण्यापूर्वी ते दोनदा होकार मागते, आणि ती दोनदाची कटकट मला योग्य वाटते, कारण दिशा उलटली तर कोरी एसएसडी जुन्या डिस्कवर उतरेल आणि सगळे काम पुसले जाईल.

वेगाबद्दल तक्रार नाही. ते पार्टिशनमधील वापरलेले ब्लॉकच (डिस्कचे लहान तुकडे) उचलते, रिकामी जागा नकलत नाही. म्हणून ५०० जीबीच्या डिस्कवर १०० जीबी भरलेले असेल, तर १०० जीबीचेच काम होते. यूएसबी ३ च्या केबलने एवढ्या कामाला साधारण अर्धा तास लागतो आणि वेग बहुधा जुन्या डिस्कमुळेच अडतो. जुन्या डेस्कटॉपच्या यूएसबी २ खाचेत केबल लावली, तर त्याच कामाला पाऊण ते एक तास धरावा. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून डेस्कटॉपला यूपीएस हवाच. काम मध्येच तुटले तरी मूळ डिस्कवरून फक्त वाचन होत असल्याने तिथला मजकूर सुरक्षित राहतो, ही जमेची बाजू.

खरेदीच्या वेळी गफलत होते ती आकारात. जुनी ५०० जीबीची डिस्क आणि स्वस्तात मिळणारी ४८० जीबीची एसएसडी यांत सुमारे २० अब्ज बाइट्सचा फरक असतो. विंडोजमध्ये त्या अनुक्रमे ४६५ आणि ४४७ जीबी अशा दिसतात. डिस्कवर मजकूर किती आहे याला इथे महत्त्व नाही. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल, तर क्लोनझिला काम नाकारते. एक्स्पर्ट पद्धतीत ही तपासणी वगळता येते, पण त्याआधी जुन्या डिस्कवरची पार्टिशने लहान करावी लागतात, आणि बिघडत चाललेल्या डिस्कवर असला खटाटोप करणे शहाणपणाचे नाही. त्यापेक्षा ५०० किंवा ५१२ जीबीची एसएसडी आणावी.

आता रिकव्हरी पार्टिशनकडे येऊ, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. विंडोज १० च्या नव्या पद्धतीच्या डिस्कवर आधी १०० एमबीचे ईएफआय पार्टिशन (संगणक सुरू होताना लागणारे) असते, मग १६ एमबीचे राखीव पार्टिशन, नंतर सी ड्राइव्ह आणि त्याच्या पाठोपाठ काहीशे एमबीचे रिकव्हरी पार्टिशन. विंडोज सुरू होईनासे झाले की दुरुस्तीचा जो निळा पडदा येतो, तो याच शेवटच्या पार्टिशनमधून येतो. क्लोनझिला ही सगळी मांडणी ओळखचिन्हांसकट तंतोतंत उतरवते, आणि नेमक्या त्याच प्रामाणिकपणामुळे मोठ्या एसएसडीवर पेच पडतो. २५० जीबीची डिस्क ५०० जीबीच्या एसएसडीवर उतरवली की उरलेली जागा रिकव्हरी पार्टिशनच्या पलीकडे पडते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटला सी ड्राइव्ह फक्त लगतच्या मोकळ्या जागेत वाढवता येतो. मध्ये रिकव्हरीची भिंत उभी असल्याने वाढवण्याचा पर्याय फिका पडलेला दिसतो आणि एसएसडी सदोष निघाली असा समज होतो.

यावर उपाय आहे, पण तो क्लोनझिलाच्या कक्षेबाहेरचा. जीपार्टेड या दुसऱ्या मुक्त साधनाने रिकव्हरी पार्टिशन डिस्कच्या शेवटाकडे सरकवायचे आणि मग सी वाढवायचा. विंडोज मात्र रिकव्हरीचा पत्ता डिस्कवरील तिच्या आरंभस्थानानिशी नोंदवून ठेवते, त्यामुळे पार्टिशन सरकले की तो पत्ता खोटा ठरतो. म्हणून सरकवण्यापूर्वी प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘रीएजंट-सी’ (reagentc) या आज्ञेने रिकव्हरी बंद करावी, सरकवून झाल्यावर त्याच आज्ञेने चालू करावी, आणि शेवटी तिची स्थिती विचारून ती ‘एनेबल्ड’ आल्याची खात्री करावी. सरकवायचेच आहे, तर तिला थोडी जास्त जागाही द्यावी. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० ची एक सुरक्षा सुधारणा असंख्य संगणकांवर अडकली होती, कारण तिला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि जुन्या पार्टिशनांत ती नव्हती.

संगणक बनवणाऱ्या कंपनीचे कारखान्यातील रिकव्हरी पार्टिशन ही वेगळी गोष्ट. ते कित्येक जीबींचे असते आणि त्यात यंत्र विकत घेतले त्या दिवशीचे विंडोज असते. जो लॅपटॉप विंडोज ८ घेऊन आला आणि आता १० वर चालतो, त्याच्या एसएसडीवर या पार्टिशनला जागा देण्यात मला अर्थ दिसत नाही. बाहेरच्या डिस्कवर त्याची एक प्रतिमा, म्हणजे फाइलींच्या रूपातली नकल, काढून ठेवावी आणि एसएसडीवरून ते काढून टाकावे.

क्लोन करण्यापूर्वीची तयारी मात्र टाळता येत नाही. विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करावे, कारण त्यामुळे संगणक बंद केला तरी विंडोज अर्धवट झोपेतच राहते आणि क्लोनझिला त्या स्थितीतील पार्टिशन घ्यायला कुरकुरते. बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते आधी पूर्ण उलगडावे. नाहीतर वापरलेले ब्लॉक ओळखता न आल्याने सगळी डिस्क रिकाम्या जागेसकट नकलावी लागते, आणि नव्या जागी सुरू करताना ४८ अंकी किल्ली मागितली जाते. डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद) पाहून खराब सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे तुकडे, वाढलेले दिसले, तर क्लोनझिला बाजूला ठेवून डीडीरेस्क्यू हे बिघडत्या डिस्कवरून मजकूर वाचवणारे साधन हाती घ्यावे, कारण वाचताना चूक आली की क्लोनझिला सामान्य पद्धतीत थांबते. सॅटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) डिस्कवरून एनव्हीएमई (नव्या, अधिक वेगवान जोडणीच्या) एसएसडीवर जाताना पहिल्यांदा विंडोज उठले नाही, तर सेफ मोडमधून (मोजक्याच ड्रायव्हर्सवर चालणाऱ्या विंडोजमधून) एकदा सुरू केल्यावर पुष्कळदा मार्गी लागते. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी. दोन्ही डिस्कची ओळख एकच असल्याने त्या एकत्र जोडल्यास विंडोज गोंधळते.

परवान्यांविषयी एक इशारा. श्रीलिपीसारखे सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर (यूएसबी खाचेत लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालत असेल तर नव्या डिस्कवर त्याला सहसा अडचण येत नाही, पण काही जुन्या सॉफ्टवेअरचा परवाना डिस्कच्या क्रमांकाशी बांधलेला असतो आणि तो कोणत्याही क्लोनने सोबत येत नाही. तसेच विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. एसएसडीने यंत्र चपळ होईल, सुरक्षित होणार नाही. पेजमेकरपुरता वापरायचा संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवणे हेच त्यावरचे उत्तर, आणि पीडीएफ दुसऱ्या यंत्रावर न्यायला पेन ड्राइव्ह आहेच.

डिस्कवरून डिस्कवर क्लोन करण्याइतकाच मला क्लोनझिलाचा दुसरा उपयोग मोलाचा वाटतो, तो म्हणजे संपूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर दाबून साठवणे. बसलेली घडी नीट चालते आहे असे दिसले की अशी प्रतिमा काढावी; पुढे एसएसडी अचानक गेली, तर तेवढ्याच किंवा मोठ्या आकाराच्या नव्या एसएसडीवर ती उतरवता येते आणि लग्नसराईच्या ऐन गर्दीत पत्रिकांचे काम अडून राहत नाही. केवळ बदललेला भाग साठवण्याची सोय त्यात नाही, दर वेळी पूर्ण प्रतिमाच काढावी लागते, त्यामुळे रोजच्या फाइलींसाठी वेगळी व्यवस्था ठेवावी.