एकटीला उचलता येते का? हिमालयन ४११, सात देशांच्या रस्त्यांवरून

मोटरसायकलबद्दल कुणी विचारलं की पहिल्यांदा पिकअप, टॉप स्पीड आणि ॲव्हरेज विचारतात. लांबच्या प्रवासाला एकट्यानं निघणाऱ्याचा पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. गाडी आडवी झाली, नजर पोहोचेल तिथवर माणूस नाही, अशा वेळी ती आपल्याला उभी करता येते का? याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर बाकीचे आकडे माझ्या दृष्टीनं बिनकामाचे आहेत.

रॉयल एन्फिल्डच्या हिमालयन ४११वर मी एकटीनं तुर्कस्तान, जॉर्जिया, रशियाचा दक्षिणेकडचा पट्टा, कझाकस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान आणि किरगिझस्तान असा प्रवास केला. माझी उंची पाच फूट दोन इंच. पेशानं मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्यामुळे वजन कुठल्या सांध्यावर येतंय, पाठ कुठे वाकतेय, याकडे माझं लक्ष आधी जातं. हे परीक्षण त्याच नजरेतून केलेलं आहे.

बीएस-६ हिमालयनचं वजन पेट्रोल-ऑइलसकट १९९ किलो. हलकी म्हणावी अशी ही गाडी नाही. पण लांबच्या प्रवासाला सगळ्यात जास्त मिरवली जाणारी बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस ॲडव्हेंचर २६८ किलोची आहे, आणि सामान त्यावर वेगळं. दुसऱ्या टोकाला होंडाची सीआरएफ ३०० एल फक्त १४२ किलोची, मात्र तिची टाकी ८ लिटरचीसुद्धा नाही आणि सीट ८८० मिलिमीटरवर. मला तिच्यावर बसून दोन्ही पायांची बोटंही नीट टेकवता येत नाहीत. हिमालयनची सीट ८०० मिलिमीटरवर आहे आणि टाकी १५ लिटरची. सात देशांच्या प्रवासात या दोन आकड्यांची मला रोज आठवण व्हायची, कारण पडलेली गाडी उचलण्यापेक्षा ती पडूच न देणं सोपं, आणि त्यासाठी पाय जमिनीला लागावे लागतात. सीमेवरच्या ट्रकांच्या रांगेत इंचाइंचानं सरकताना, चिखलात वळताना, वाळूत चाक घसरताना एक पाय पटकन खाली टेकवता आला की निम्मं काम झालं.

तरीही गाडी पडतेच. ताजिकिस्तानातल्या पामीर हायवेवर मुरघाब आणि काराकुल या गावांच्या दरम्यान अक-बैतालची खिंड लागते, उंची ४६५५ मीटर. त्या भागात रस्ता कच्चा आहे, पत्र्याच्या पन्हळीसारखा लाटालाटांचा, आणि वळणांवर सुटी खडी. पुढचं चाक खडीत रुतलं आणि गाडी डावीकडे निजली. वेग चालण्याइतकाच होता, मला काही लागलं नाही. पण इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के असतो. नुसता बुटाचा पट्टा बांधायला वाकलं तरी धाप लागते, आणि समोर सामानासकट सव्वादोनशे किलो आडवं.

उचलण्याची पद्धत इथे सविस्तर सांगते, कारण प्रत्येक गाडीला ती सारखीच लागू पडत असली, तरी प्रत्येक गाडी ती सारख्या सोयीनं करू देत नाही. आधी चावी बंद. मग सामान उतरवायचं, सगळं, कितीही कंटाळा आला तरी. त्यानंतर दोन मिनिटं शांत बसून श्वास जागेवर येऊ द्यायचा. गाडी गिअरमध्ये असलेली बरी, म्हणजे उचलताना चाकं गडगडत नाहीत. ती उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, म्हणजे उभी होऊन पलीकडे कलली की स्टँडवर विसावते. उतारावर पडली असेल तर चाकं उताराच्या बाजूला येतील अशी आधी जागीच फिरवून घ्यायची. मग हँडल खालच्या बाजूला पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करायची, सीटच्या कडेला बूड टेकवायचं, एका हातात खालची मूठ, दुसऱ्या हातात मागचा रॅक. पाठ ताठ. जोर सगळा मांड्यांचा, आणि छोटी छोटी पावलं मागे टाकत जायचं. समोर वाकून हातांनी ओढायचं नाही. कमरेच्या चकत्यांचे रुग्ण मी रोज बघते, त्यातल्या बऱ्याच जणांनी असंच काहीतरी जड, वाकून आणि झटक्यानं उचललेलं असतं.

हिमालयन हे करू देते. टाकीच्या बाजूंना लोखंडी गार्ड आहेत, त्यांच्यामुळे गाडी पूर्ण सपाट निजत नाही, थोडी अधांतरी राहते, आणि सुरुवातीचा सर्वात अवघड कोन वाचतो. मागे धरायला दणकट नळी आहे, प्लॅस्टिकचा चकचकीत भाग नाही. अक-बैतालवर पहिल्या प्रयत्नात गाडी अर्ध्यावर आली आणि मी ती परत खाली ठेवली, श्वास संपला म्हणून. दुसऱ्यांदा उभी राहिली. कुणालाही हाक न मारता मी पुढे निघाले, आणि त्या दिवसापासून या गाडीबद्दल माझ्या मनात जो विश्वास बसला तो तसाच आहे.

इंजिनाबद्दल लोक नाक मुरडतात. ४११ सीसीला २४.३ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या हिशेबानं कमीच. पण हे लाँग-स्ट्रोक इंजिन आहे, ७८ मिलिमीटरचा बोअर आणि ८६चा स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरच्या रुंदीपेक्षा पिस्टनची धाव लांब, आणि ३२ न्यूटन-मीटरचा सगळा टॉर्क ४००० ते ४५०० आरपीएमच्या दरम्यान मिळतो. याचा अर्थ कच्च्या रस्त्यावर सारखा क्लच दाबत, रेस देत बसावं लागत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की ती आपल्या चालीनं दगडांवरून चढत राहते. उंचीवर प्रत्येक साध्या इंजिनाची ताकद हवेबरोबर घटते, तशी हिचीही घटते. फ्युएल इंजेक्शनमुळे मिश्रण बिघडत नाही, पण हरवलेला प्राणवायू कुठलंही इंजेक्शन परत आणत नाही. खिंडीच्या माथ्यावर हिच्याकडे चौदाएक अश्वशक्ती उरत असेल, आणि तिथल्या रस्त्याला तेवढी पुरते.

मोकळ्या सपाट रस्त्यावर मात्र हिशेब बदलतो. ८०-९०च्या वेगानं ती दिवसभर समाधानानं धावते. कझाकस्तानातल्या बेयनेऊपासून उझबेकिस्तानातल्या कुंगरादपर्यंत उस्त्युर्तचं पठार आहे. झाड नाही, वळण नाही, बाजूनं सतत वारा. तिथे ट्रकला ओलांडताना आधीपासून तयारी करावी लागते आणि समोरचा रस्ता लांबवर मोकळा असावा लागतो. ज्यांचा प्रवास मुख्यतः १२०च्या वेगाच्या महामार्गांवरून आहे, त्यांनी २४ अश्वशक्तीची गाडी घेऊ नये, हे मी स्पष्ट सांगते. पण त्याच पठारावर पेट्रोल पंप फार विरळ आहेत, आणि लिटरला तीसच्या आसपास ॲव्हरेज देणारी १५ लिटरची टाकी तिथे मनाला केवढी स्वस्थता देते! ज्यादा कॅन मी भरून घेतला होता, तो उघडायची वेळ आली नाही.

उझबेकिस्तानात आणखी एक गोष्ट समजते. तिथल्या पुष्कळ गाड्या गॅसवर चालतात, त्यामुळे पेट्रोल शोधावं लागतं, आणि मला बऱ्याच ठिकाणी मिळालं ते ८० ऑक्टेनचं, म्हणजे हलक्या दर्जाचं. हिमालयनचं कॉम्प्रेशन ९.५:१ आहे, आजच्या मानानं सौम्य. असं पेट्रोल नाइलाजानंच भरावं, पण भरलं तर चढावर गिअर खाली ठेवून, ॲक्सिलरेटर न पिळता चालवायचं. चांगलं पेट्रोल मिळेपर्यंत मी तशी चालवली आणि इंजिनानं तक्रार केली नाही.

आता दुरुस्ती. एकटीनं उचलता येणं जितकं महत्त्वाचं, तितकंच एकटीनं उघडता येणं. या इंजिनाला एकच कॅम आणि दोन व्हॉल्व्ह आहेत, आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची बारीक फट ठरवणारे भाग, साध्या स्क्रू-नटचे. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), पाना आणि थंड झालेलं इंजिन एवढ्यावर ते सेट करता येतात. निघण्याआधी एका मेकॅनिककडे बसून मी हे शिकून घेतलं आणि ताजिकिस्तानात शिरण्यापूर्वी उझबेकिस्तानातल्या एका मुक्कामी स्वतः केलं. इंजिन हवेवर आणि ऑइलवर थंड होतं, त्यामुळे पाण्याचा रेडिएटर नाही, त्याच्या होझ नाहीत, खडीपासून जपायचा तो फक्त छोटा ऑइल कूलर. हेडलाइटचा बल्ब साधा एच-४, जगात कुठेही चारचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारा. त्याचा उजेड बेताचाच आहे, आणि अनोळखी देशात एकट्यानं रात्री गाडी चालवूही नये.

फ्रेम लोखंडी आहे, याचं मोल ताजिकिस्तानातल्या खोरोगमध्ये कळलं. मी बाहेरून घेऊन लावलेला सामानाचा रॅक पन्हळी रस्त्यानं तडकला होता. तोही लोखंडीच असल्यामुळे एका ट्रक दुरुस्तीवाल्यानं थोड्या वेळात वेल्ड करून दिला. ॲल्युमिनियम असतं तर त्यासाठी वेगळं मशीन आणि वेगळा कारागीर शोधावा लागला असता. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी सोडायच्या, हे मात्र आपण स्वतः बघायचं.

पंक्चर हा हिमालयनच्या प्रवासातला सर्वात कष्टाचा भाग. स्पोकची चाकं आहेत, पुढे २१ इंची आणि मागे १७ इंची, दोन्हींत ट्यूब. म्हणजे पंक्चर झालं की चाक काढणं आलं, टायरची कड लिव्हरनं सोडवणं आलं. मेन स्टँड गाडीबरोबरच येतो, हा मोठा आधार. मागचं चाक अधांतरी राहतं, आणि मागे वजन टाकलं की पुढचंही उचललं जातं. मी २१ इंची ट्यूब जवळ ठेवते, अगदीच अडलं तर तीच मागच्या चाकात घालून पुढच्या गावापर्यंत जाता येतं. शिवाय क्लच वायर, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, ब्रेक पॅड आणि ऑइल फिल्टर. पामीरमध्ये सुट्या भागांचं दुकान सापडेल या भरवशावर राहायचं नाही.

२०२३च्या नोव्हेंबरात आलेली नवी हिमालयन ४५० मी चालवून पाहिली आहे. ४० अश्वशक्ती, १७ लिटरची टाकी, वजन जवळजवळ तेवढंच, १९६ किलो. महामार्गावर ती कितीतरी सरस आहे. स्पोकच्या चाकांना ट्यूबलेसचा पर्यायही मिळतो, आणि चाक न काढता पंक्चर बुजवता येणं एकट्या प्रवाशाला किती हवंसं वाटतं हे मी मोकळेपणानं मान्य करते. पण तिची सीट ८२५वर आहे, इंजिन पाण्यानं थंड होणारं, दोन कॅम आणि चार व्हॉल्व्हचं. तिचं पोट रस्त्याच्या कडेला उघडण्याचं धाडस मी करणार नाही. माझ्या उंचीच्या आणि माझ्याइतक्याच कारागिरीच्या माणसाला मी अजूनही ४११च सुचवेन. डच प्रवासी नोराली स्खूनमाकर २०१९ मध्ये भारतातून नेदरलँड्सपर्यंत पोहोचली ती याच गाडीवर, त्यामुळे लांब पल्ल्याची शंका कुणी घेऊ नये.

४११चं उत्पादन आता थांबलं आहे, तेव्हा जुनीच घ्यावी लागेल. घेताना मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हळूहळू दोन्हीकडे फिरवा, मध्येच अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंग बदलायला झालंय. प्रत्येक स्पोक पान्यानं वाजवून बघा, ढिला असेल तो बद्द वाजतो. चेन आणि स्प्रॉकेट एकदमच नवे टाका. आणि पैसे देण्यापूर्वी मालकाची परवानगी घेऊन ती गाडी मऊ मातीवर आडवी निजवा आणि एकदा स्वतः उचलून बघा.