गंज आणि सुरीचं पोलाद: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सुरी घेताना मी आजवर एकच आकडा बघायचो, गंज रोखणारं क्रोमियम किती टक्के. आठ महिने पाच वेगवेगळ्या पोलादांच्या सुऱ्या आलटून पालटून वापरल्या आणि आता माझं मत पक्कं झालंय: नुसत्या त्या आकड्यावर विसंबू नये.

डी-२ या पोलादाचंच बघा. क्रोमियम ११ ते १३ टक्के, म्हणजे कागदावर जवळजवळ स्टेनलेसच. पण कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास, आणि तो क्रोमियमला धरून कार्बाइडचे कठीण कण बनवतो. धार टिकायला हे कण चांगले, पण त्यांत अडकलेलं क्रोमियम गंज रोखायला उपयोगी पडत नाही. पात्यावर गंजापासून वाचवणारा ऑक्साइडचा जो अतिशय पातळ थर बसतो तो उरलेल्या, मोकळ्या क्रोमियममुळे. भिजलेल्या चामडी म्यानात ही सुरी दोन दिवस राहिली, बाहेर काढली तर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. फार वाईट वाटलं. डाग घासून जातो. खड्डा काढायचा तर आजूबाजूचं पोलाद तेवढं घासून खाली आणावं लागतं. नंतर तेच म्यान पुन्हा ओलं करून त्यात १४सी२८एनची सुरी मुद्दाम दोन दिवस ठेवली. तिच्यावर ठिपकाही उमटला नाही. या पोलादात क्रोमियम १४ टक्के, पण कार्बन फक्त ०.६२ टक्के, आणि जोडीला थोडा नायट्रोजन.

१०९५ नावाच्या पोलादात क्रोमियम जवळपास नाहीच, त्यामुळे अर्धं लिंबू कापून होईतो पातं काळवंडलं. पण महिन्याभरात त्यावर निळसर करडी झाक बसली आणि त्यानंतर लाल गंज धरायचं प्रमाण स्पष्ट कमी झालं. थांबला मात्र नाही. या सुरीने शिकवलेली मोठी गोष्ट वेगळीच: गंज डोळ्यांना दिसायच्या आधी धारेला लागतो. आंबट काही कापून सुरी न पुसता ठेवली की सकाळी पातं ठीक दिसायचं, पण कागद कापायला घेतला की धार अडखळायची. धारेची कड इतकी बारीक असते की तिथे जरासा गंजही पुरतो.

४४०सी बद्दल मी आधी चुकीचं मत केलं होतं. क्रोमियम १६ ते १८ टक्के असूनही माझ्या पात्यावर तपकिरी ठिपके यायचे. पातं वाळूच्या माऱ्याने खरखरीत केलेलं होतं. शेवटी अर्धा भाग बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केला. तेव्हापासून ठिपके येतात ते फक्त खरखरीत अर्ध्यात. तिथे ओल आणि मीठ धरून राहतं. पोलादाला पाणी कसं दिलंय यानेही फरक पडतो. कडक केल्यावर ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास टेम्परिंग केलं, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवलं, तर क्रोमियम पुन्हा कार्बाइडमध्ये जातं. म्हणून एकाच नावाचं पोलाद दोन कारखान्यांतून दोन तऱ्हेचं निघू शकतं.

एलसी२००एन वर लिहिण्यासारखं फारसं घडलंच नाही. कार्बन ०.३ टक्के, त्याची जागा बरीचशी नायट्रोजनने घेतलेली. दोन आठवडे मिठाच्या पाण्यात ठेवलं, काही झालं नाही. धार मात्र डी-२ पेक्षा लवकर उतरते, दगडावर वारंवार घ्यावी लागते.

तीन महिन्यांपूर्वी मॅग्नाकटची सुरी घेतली. २०२१ मध्ये आलेलं हे पोलाद धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी तयार केलं. क्रोमियम १०.७ टक्के, डी-२ पेक्षाही कमी! पण कार्बनला धरायला व्हॅनेडियम आणि निओबियम दिलेत, त्यामुळे क्रोमियम मोकळं राहतं. लिंबू, मीठ, ओलं म्यान, सगळं करून झालं. डाग नाही, आणि धारही टिकते.

आता पाण्याजवळच्या कामाला एलसी२००एन, बाकी दिवसभर मॅग्नाकट. १०९५ मला अजूनही आवडते, कारण दगडावर तिच्याइतकी पटकन धार दुसरी कुठलीच घेत नाही. फक्त काम झालं की लगेच पुसून तेलाचा हात फिरवतो. डी-२ चामडी म्यानातून कायमची बाहेर काढली आहे.