अल्गोरिदमवर पीएच.डी.: संगणकशास्त्र विभाग की विज्ञान विभाग?

अल्गोरिदम हा विषय पक्का झाला, पात्रता परीक्षाही पार पडली, तरी कोणत्या विभागात नाव घालावे हा प्रश्न उरतोच. मी दोन्हीकडे काम केले आणि अखेरीस खगोलशास्त्राकडे वळलो, तेव्हा माझा कल लपवण्यात अर्थ नाही.

संगणकशास्त्र विभागात अल्गोरिदम हेच साध्य असते. त्याला किती वेळ लागतो, त्याहून कमीत भागणारच नाही हे सिद्ध करता येईल का, असे प्रश्न तेथे कोणाची परवानगी न घेता विचारता येतात. २००२ मध्ये आयआयटी कानपूर येथे मणिंद्र अग्रवाल यांनी, नुकतेच बी.टेक. झालेल्या नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांच्यासह, एखादी संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळात, म्हणजे संख्येतले अंक वाढले तरी आवाक्यात राहणाऱ्या वेळात, निश्चितपणे ठरवणारी पद्धत दिली. तिला ना दुर्बीण लागली ना महासंगणक. सिद्धतेची गोडी असलेल्याने तिकडेच जावे.

माझे मन उडाले ते एका बारीकशा कटकटीमुळे. सिद्धतेचे काम सोडले, तर बऱ्याच चाचण्या सर्वांनी वापरून गुळगुळीत केलेल्या त्याच त्या डेटावर होतात. निकाल थोडा सुधारला की पेपर होतो. पण चुकलेल्या नमुन्याचे लेबलच, म्हणजे तो कशाचा आहे ही नोंदच, संशयास्पद वाटले, तर विचारायचे कोणाला? तो डेटा गोळा करणारा माणूस इमारतीत नसतो, बहुधा देशातही नसतो. अशा नमुन्यांची माझी यादी वाढत गेली आणि 'सगळ्यांना तोच डेटा आहे ना, मग झाले' यापलीकडे उत्तर मिळेना. इतरांना हे कदाचित बोचणार नाही, मला बोचले.

विज्ञान विभागात तो माणूस शेजारच्या टेबलावर असतो. रेडिओ दुर्बिणीच्या डेटात पल्सर, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद देणारे फिरते तारे, शोधताना माझ्या प्रोग्रामने सर्वांत वर आणलेला संकेत बरोबर २० मिलिसेकंदांनी परतत होता. शेजारच्या ताईंनी आलेखाकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, "हा पल्सर नव्हे, ही आपली लाइट आहे." वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा, म्हणजे आवर्तन २० मिलिसेकंदांचे; शिवाय पल्सरच्या स्पंदातल्या कमी वारंवारतेच्या लहरी मागाहून पोहोचतात, येथे मात्र सगळ्या एकाच क्षणी आल्या होत्या. माझ्या पुढच्या अल्गोरिदमची चाळणी यातूनच ठरली.

अर्थात येथे चिकाटी लागते. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळातले सूक्ष्म तरंग, ओळखण्यासाठी डेटाशी ताडून पाहायचे नमुना-संकेत कसे निवडावेत, यावरचा भौतिकशास्त्रज्ञ सत्यप्रकाश आणि धुरंधर यांचा पायाभूत शोधनिबंध १९९१ चा. लहर प्रत्यक्ष सापडली २०१५ मध्ये. शिवाय वार्षिक आढाव्यात 'यातून भौतिकशास्त्राला काय मिळाले?' हे ऐकावेच लागते आणि प्रोग्राम दुप्पट वेगाने चालतो, हे उत्तर पुरत नाही. म्हणून समितीत अल्गोरिदम नीट वाचणारा एक तरी सदस्य असेल का, हे गाइडना आधीच विचारून घ्यावे. आणि संगणकशास्त्र विभागातून तसा सहमार्गदर्शक मिळत असेल, तर निदान मी तरी दुसरीकडे पाहणार नाही.