किल जॉय: प्रीक्वेल आहे, पण वाचा सगळ्यात शेवटी

हॉली जॅक्सनची ‘अ गुड गर्ल्स गाईड टू मर्डर’ सिरीज सुरू करणारे लई जण विचारतात की किल जॉय, म्हणजे पहिल्या पुस्तकाच्या आधीची गोष्ट, आधी वाचायचं का, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गेल्या पावसाळ्यात घेतलं, मग दिवाळीनंतर परत वाचलं, मधे माझ्या भाचीनंही वाचलं, त्यामुळं आता मत पक्कं झालंय. तिन्ही पुस्तकं संपवा आणि मगच हे हातात घ्या.

पुस्तक बारकं आहे, शंभर-सव्वाशे पानं. 2021 च्या वर्ल्ड बुक डेसाठी लिहिलेलं, तिकडं इंग्लंडात पोरांना एक पौंडाचं टोकन मिळतं आणि त्यावर अशी खास छापलेली छोटी पुस्तकं घेता येतात. त्यामुळं पहिल्या पुस्तकातला गुंता, इंटरव्ह्यू, मॅप यात शोधू नका.

गोष्ट एका रात्रीची. पिप, म्हणजे या सिरीजची नायिका, आणि तिचे मित्र कॉनरच्या घरी मर्डर मिस्ट्री गेम खेळायला जमतात, साल 1924 धरायचं, जॉय नावाच्या खासगी बेटावर रेजिनाल्ड रेमी नावाच्या श्रीमंत माणसाचा खून झालाय आणि प्रत्येकाच्या हातात एक पुस्तिका, सांगितल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही. पिप त्या रेमीच्या नात्यातली सीलिया बनते. सुरुवातीला तिचं लक्षच नसतं, शाळेच्या प्रोजेक्टचा विषय ठरायचाय ना, पण एकदा क्लू हातात आले की पोरगी सुटते बघा. एकच खटकलं, प्रत्येकाला दोन नावं, खरं आणि गेममधलं, पहिली वीसेक पानं कोण कोण आहे तेच कळत नाही, भाचीनं तर बुकमार्कवर यादी लिहून काढली.

खरी मजा शेवटाला आहे. गेमनं दिलेलं उत्तर पिपला पटतच नाही, बाकीचे सगळे हसून मोकळे, आणि ही मात्र क्लू परत परत जुळवत बसते. तिथनंच तिला सॅल सिंगच्या केसवर प्रोजेक्ट करायचं सुचतं. सगळ्या गावानं ज्याला खुनी ठरवून टाकलं तो पोरगा. आमच्या पेठेत पण एखाद्याबद्दल एकदा बोललं गेलं की झालं, परत कोण विचारत नाही, म्हणून मला ही पानं फार जवळची वाटली. विषय हार्ड!

आणि शेवटी का वाचायचं, तर तिसऱ्या पुस्तकात पिपची काय अवस्था होते ते वाचून आलेल्या माणसाला इथली हसरी, हट्टी, वह्या भरणारी पिप बघून गलबलतं. पहिल्यांदा वाचताना मी डोळे पुसत होते. आधी वाचलं तर हे काहीच मिळत नाही, नुसती एक गोड पार्टी उरते. 2024 ची नेटफ्लिक्स सिरीज बघून आलेल्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

भाचीनं मात्र हेच आधी वाचलं, कारण इंग्रजीचं जाड पुस्तक बघून ती घाबरायची. हे दोन बैठकीत संपलं आणि लगेच पहिला भाग मागितला. तेवढ्यासाठी आधी द्यायला हरकत नाही, बारा-तेरा वर्षांच्या पोरांना चालेल. तिसरा भाग मात्र त्या वयात देऊ नका, तो फार अंगावर येतो, तिच्यासाठी मी तो अजून कपाटात वरच ठेवलाय.