लिंबाची बॅटरी की कोळसा-फॉइलची?

आठवीच्या वर्गात यातली कोणती करून घ्यावी, हा विज्ञान शिक्षकांचा नेहमीचा पेच.

लिंबात जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि सोललेली तांब्याची तार एकमेकांना न टेकवता खुपसायची. साधारण 0.9 व्होल्ट मिळतात, पण करंट जेमतेम. एक मिलिॲम्पियरही नाही. तीन-चार लिंबं सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडली तर लाल एलईडी मिणमिणतो. मोटर विसरा. ऊर्जा लिंबातून नव्हे, जस्तातून येते, हे तोंडीच सांगावं लागतं. वापरलेली लिंबं फेकायची, सरबताला नकोत.

दुसऱ्या बॅटरीत ॲल्युमिनियम फॉइलवर मिठाच्या संपृक्त पाण्यात भिजवलेला टिश्यू, त्यावर दोन चमचे ॲक्टिव्हेटेड कोळशाची पूड (मत्स्यालयाच्या दुकानात मिळते), वर सोललेल्या तारेचं वेटोळं. घट्ट दाबा, नाहीतर अंतर्गत रोध वाढतो. करंट लिंबापेक्षा कितीतरी पट. दोन-तीन घट जोडले की छोटी मोटर फिरते. टिश्यू फाटून कोळसा फॉइलला टेकला की शॉर्ट. हात काळे होणारच. बराच वेळ चालवल्यावर फॉइल उजेडात धरा, बारीक भोकं दिसतात.

एका तासिकेत मल्टिमीटर आणि सिरीज जोडणी शिकवायची असेल तर लिंबू. ॲनोड (बॅटरीचं ऋण टोक, इथे फॉइल) झिजताना दाखवायचा असेल आणि जोडतास हाताशी असेल तर कोळसा.