बुद्धिबळ: पटावर की मोबाइलवर?

मोबाइलवर जोडीदार शोधावा लागत नाही. रात्री 10 वाजताही कुणीतरी खेळायला असतं, डाव संपताच चूक कुठे झाली तेही दिसतं. कोडी सोडवायला तर ॲपसारखं साधन नाही, हे मी मनापासून मान्य करते.

पण नवशिक्या मुलाच्या हाती मी आधी पटच देईन. ॲप नियमाबाहेरची चाल होऊच देत नाही, त्यामुळे नियम डोक्यात ठेवायची गरजच उरत नाही. पटावर घोड्याची अडीच घरं बोटानं मोजावी लागतात. शिवाय सोंगटीला हात लावला की तीच चालवायची, हा नियम! वजिरावर गेलेला हात हवेतच थांबतो, मागे येतो, आणि मूल पुन्हा पटाकडे बघायला लागतं. तो थांबलेला हात मला फार मोलाचा वाटतो. हरल्यावर समोरच्याशी हात मिळवणंही इथेच अंगवळणी पडतं.

किशोरवयीन मुलांनी सरावाला मोबाइल जरूर वापरावा, फक्त झोपण्याआधी नको. त्यांना 8 ते 10 तास झोप लागते आणि 3-3 मिनिटांचे डाव ‘अजून एकच’ म्हणत ती खातात.