पहिलं फाउंटन पेन: गटात हाताळून कोणतं निवडावं?

पहिलं फाउंटन पेन घ्यायचं मनात आलं की दोन रस्ते समोर असतात. एक म्हणजे परीक्षणं वाचून, व्हिडिओ पाहून घरबसल्या मागवणं. दुसरा म्हणजे जवळपास पेनवेड्यांचा एखादा गट भेटत असेल तर तिथं जाऊन लोकांची पेनं हातात घेऊन पाहणं. पहिल्या रस्त्यावर माहितीचा तुटवडा नाही. पण पेन रोज वापरात राहणार की महिनाभरात खणात जाऊन पडणार, हे ज्या गोष्टींवर ठरतं त्या पडद्यावर कळत नाहीत. बोटांत पकड किती जाड लागते, निब कागदावर कशी सरकते आणि तुमचा हात किती दाब देतो, हे लिहूनच कळतं. त्यामुळे असा गट असेल तर आधी तिथं जावं आणि पहिल्या भेटीत काहीही विकत न घेता परत यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गटाचा एक धोका मात्र आधीच सांगतो. तिथली मंडळी बरीच पेनं वापरून पुढं गेलेली असतात. त्यांना आज ज्याचं कौतुक वाटतं ते तुमच्या पहिल्या पेनाला लागू पडेलच असं नाही. ‘तुमच्याकडचं सगळ्यात भारी पेन कोणतं?’ असं विचारलंत तर सोन्याच्या निबा, लाखेची नक्षी आणि तासभर गप्पा मिळतील. ‘कामाच्या दिवशी खिशात कोणतं असतं?’ असं विचारा. बहुतेक वेळा एखादं साधंसुधं, ओरखडे पडलेलं पेन बाहेर येतं. तुम्हाला त्याचीच माहिती हवी असते.

आधी निब

बॉलपेनची सवय असलेला माणूस फाउंटन पेन हातात घेतो आणि दाबून लिहायला लागतो. बॉलपेनमध्ये दाट शाईतून गोळी फिरवायची असते, तिथं दाब लागतोच. फाउंटन पेनची शाई पाण्यासारखी पातळ. फीडच्या, म्हणजे निबेखालच्या शाई पोचवणाऱ्या भागाच्या, बारीक खाचांमधून आणि निबेच्या चिरेतून ती केशाकर्षणानं आपणहून कागदापर्यंत येते, आणि तेवढीच हवा उलट्या वाटेनं टाकीत जाते. ही देवाणघेवाण भरवशाची करणाऱ्या फीडचं पेटंट लुईस वॉटरमन यांनी 1884 मध्ये घेतलं, आणि तत्त्व आजही तेच आहे. निब कागदाला नुसती टेकली तरी पुरतं. जास्त दाबलं की तिची दोन टोकं फाकतात आणि रेघ जाड होते, किंवा शाई तुटते. म्हणून गटात पहिलं पेन हातात आल्यावर ते ‘खरखरतंय’ असा निकाल लगेच देऊ नका. दोन-तीन ओळी हात सैल सोडून लिहा, मग बोला.

जाडीच्या बाबतीत अक्षरांवर विसंबू नये. पायलट, सेलर, प्लॅटिनम या जपानी कंपन्यांची ‘एफ’ (फाइन, म्हणजे बारीक) निब लामी किंवा पेलिकन या जर्मन कंपन्यांच्या ‘एफ’पेक्षा साधारण एका पायरीनं बारीक असते. म्हणजे जपानी मीडियम आणि जर्मन फाइन जवळजवळ शेजारी बसतात. बहुतेक परीक्षणांत नमुने रोमन लिपीत असतात. आपल्याला लिहायची असते देवनागरी, आणि तिचं गणित थोडं वेगळं आहे. ष, भ, क्ष यांच्या छोट्या गाठी, वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. अक्षर बारीक असेल तर जाड निबेनं या गाठी भरून जातात आणि ‘ष्ट’ नुसता डाग दिसतो. आखीव वहीत लहान अक्षर काढणाऱ्यानं जपानी फाइन किंवा जर्मन एक्स्ट्रा फाइन बघावी. मोकळं, मोठं अक्षर असेल तर जपानी मीडियम किंवा जर्मन फाइन. बारीक निबेला कागदाचा पोत जास्त जाणवतो, हे मात्र धरून चालायचं.

शिरोरेषा ही तर फुकटात मिळालेली चाचणी आहे. पूर्ण शब्द लिहून झाल्यावर एका दमात लांब शिरोरेषा ओढा, जरा वेगानं. निबेला शाई कमी पडत असेल तर रेघ मध्येच फिकट होते किंवा तुटते. रोमन लिपीत असा लांब आडवा फटका क्वचितच येतो, त्यामुळे रोमनमध्ये उत्तम चालणारं पेन आपल्याकडं अडखळू शकतं.

गटात कोणीतरी हमखास स्टब निब पुढं करतं. टोक चपटं असल्यानं उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक येतात, सही झोकदार दिसते. देवनागरीत मात्र त्यानं काना जाड होतो आणि शिरोरेषा बारीक. बोरूच्या तिरप्या कापानं या दोन्ही रेघा जवळपास सारख्या जाडीच्या येत, म्हणून जुन्या वळणाचं अक्षर हवं असलेल्यांचा स्टबनं हिरमोड होतो. मला ती पत्राच्या मायन्यापुरती आवडते. पानंच्या पानं लिहायला नाही.

सोनं की स्टील, या वादात पहिल्या पेनापुरतं पडूच नये. कागदाला जे टोक लागतं ते दोन्हींत वेगळ्या, फार कठीण मिश्रधातूचं असतं. गुळगुळीतपणा त्या टोकाच्या पॉलिशवर आणि दोन्ही टोकं नीट समोरासमोर आहेत का यावर अवलंबून असतो. सोनं गंजत नाही, जुन्या आम्लधर्मी शाईत याचा मोठा उपयोग होता, आणि काही सोन्याच्या निबांना हलकी लवचीकता असते. पण कडक सोन्याच्या निबाही भरपूर आहेत. शेजारी शेजारी लिहून पाहा. फरक तुमच्या हाताला जाणवलाच नाही तर प्रश्न मिटला.

डावखुऱ्यांची निब कागदावर ओढली जाण्याऐवजी ढकलली जाते आणि हात ओल्या शाईवरून जातो. त्यांनी पटकन सुकणारी शाई आणि बारीक निब यांपासून सुरुवात करावी.

शाई भरायची कशी?

कार्ट्रिज (शाई भरलेली तयार नळी) आणि कन्व्हर्टर (तिच्या जागी बसणारी, पुन्हा पुन्हा भरता येणारी नळी) ही जोडी नवख्याला सगळ्यात सोयीची. प्रवासात कार्ट्रिज खोचायचं, घरी कन्व्हर्टरनं दौतीतून शाई ओढायची. साफ करायला नळाचं साधं पाणी पुरतं. अडचणी दोन. पायलट, प्लॅटिनम, सेलर आणि लामी यांची कार्ट्रिजं आपापल्या मापाची असतात. एकाचं दुसऱ्यात बसत नाही. कावेको, पेलिकन आणि इतर बऱ्याच युरोपीय पेनांना स्टँडर्ड इंटरनॅशनल माप चालतं. दुसरं म्हणजे कन्व्हर्टरमध्ये शाई फार मावत नाही. लहान कन्व्हर्टर जेमतेम अर्धा मिली घेतो. दिवसाला सात-आठ पानं लिहिणाऱ्याला सारखं भरत बसावं लागतं.

पिस्टनमध्ये पेनाचं पोटच टाकी असतं आणि शेपटाकडची गुंडी फिरवून शाई आत ओढायची. पेलिकननं 1929 मध्ये असं पेन आणलं आणि आजही त्यांची ओळख तीच आहे. शाई दीडेक मिली किंवा त्याहून जास्त मावते. पण रंग बदलायचा तर पाणी भरून काढायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा काढायचं, असं बराच वेळ चालतं. एकाच निळ्या किंवा काळ्या शाईशी एकनिष्ठ असाल तर पिस्टन. दर आठवड्याला नवा रंग हवा असेल तर कन्व्हर्टर.

ड्रॉपरनं भरायच्या पेनात सगळा दांडा शाईनं भरतो, त्यात दोन-तीन मिली सहज मावते. यंत्रणा काहीच नसल्यानं बिघडायलाही काही नाही. मग लोक त्याला का घाबरतात? शाई कमी झाली की वर हवा साठते, हाताच्या उबेनं ती फुगते आणि निबेतून शाईचा थेंब टपकन पडतो, नेमका लिहिलेल्या ओळीवर. उपाय सोपे आहेत: टाकी एक तृतीयांशावर आली की पुन्हा भरायची, आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावायचं, आणि शक्यतो जाड भिंतीचं एबोनाइटचं पेन घ्यायचं. एबोनाइट म्हणजे गंधकानं कडक केलेलं रबर. त्यातून उष्णता हळू जाते. इतकं सांभाळायची तयारी असेल आणि लिखाण भरपूर असेल, तर माझं मत ड्रॉपरला. नसेल तर ते दुसरं पेन म्हणून ठेवा.

समोर येणारी नेहमीची पेनं

नवख्यासाठी गटात बहुधा हीच नावं निघतात: लामी सफारी, पायलट मेट्रोपॉलिटन, प्लॅटिनम प्रेपी, ट्विस्बी इको, कावेको स्पोर्ट.

खरी लढत सफारी आणि मेट्रोपॉलिटनमध्ये. सफारी 1980 पासून चालत आलेलं प्लास्टिकचं पेन आहे, हलकं आणि दणकट. त्याची पकड तिकोनी आहे, बोटं कुठं ठेवायची हे पेनच ठरवतं. ज्यांची पकड त्याच्याशी जुळते त्यांना ते फार आवडतं. ज्यांची नाही त्यांची बोटं दहा मिनिटांत कुरकुरायला लागतात. मेट्रोपॉलिटनचा दांडा पितळी, त्यामुळे हाताला वजन जाणवतं. पकड गोल आणि निमुळती आहे, पण दांडा आणि पकड यांच्यामध्ये एक पायरी आहे. पेन वर धरणाऱ्यांना ती टोचते, निबेजवळ धरणाऱ्यांना कळतही नाही. निबेच्या बाबतीत मेट्रोपॉलिटन बारीक आणि नेमकं, सफारी थोडं जाड आणि ओलं. मात्र सफारीची निब ओढून काढता येते आणि दुसऱ्या जाडीची बसवता येते. त्याच पेनावर एक्स्ट्रा फाइनपासून 1.1 मिमीच्या चपट्या निबेपर्यंत जाता येतं. आपल्याला काय हवं हे अजून ठरत नसेल तर ही सोय मोठी आहे. दोन्हींपैकी एक निवडताना रंगरूप बाजूला ठेवा आणि प्रत्येक पेनानं सलग एक पान लिहा. एका ओळीत पकड कळत नाही.

प्रेपी दिसायला स्वस्तातलं वाटतं आणि आहेही. पण त्याच्या टोपणात आतून घट्ट बसणारं झाकण आहे, त्यामुळे महिनोन्महिने न वापरता ठेवलं तरी उघडल्यावर लगेच लिहितं. कधीतरीच लिहिणाऱ्यासाठी याहून शहाणी खरेदी मला माहीत नाही. इको पारदर्शक पिस्टन पेन आहे. आतली शाई हलताना दिसते, आणि गटात नवख्यांची नजर आधी त्यावरच जाते. पेन चांगलंच आहे, पण टोपण आट्यांचं असल्यानं मीटिंगमध्ये दर दोन मिनिटांनी टिपणं घेणाऱ्याला फिरवाफिरवीचा कंटाळा येतो. कावेको स्पोर्ट खिशात मावतं. टोपण मागे लावल्याशिवाय मोठ्या हाताला पुरत नाही.

तुलना फसते कुठं?

गटातले लोक उत्तम कागद घेऊन येतात. तोमोए रिव्हरसारख्या पातळ, तुळतुळीत जपानी कागदावर कोणतीही निब गुळगुळीत वाटते आणि कोणतीही शाई उजळ दिसते. घरी येऊन नेहमीच्या वहीत लिहिलं की शाई फुटते, पानाच्या मागे उमटते. म्हणून स्वतःची रोजची वही सोबत न्या आणि प्रत्येक पेन तिच्यावरच चालवून बघा.

दुसरी फसगत शाईची. काही शाया ओल्या वाहतात, काही कोरड्या; तीच निब एका शाईत सढळ आणि दुसरीत कंजूष वाटते. दोन पेनांची तुलना करताना दोन्हींत कोणती शाई आहे ते विचारा आणि नमुन्याशेजारी लिहून ठेवा. झगमगत्या कणांच्या शाईनं भरलेल्या पेनावरून तर काहीच ठरवू नका. (ती शाई स्वतःच्या पहिल्या पेनातही नको, फीडमध्ये कण अडकतात. चित्रकलेची लाखयुक्त इंडिया इंक तर कोणत्याच फाउंटन पेनात नको.)

आणि दुसऱ्याचं पेन हाताळताना विचारल्याशिवाय टोपण मागे लावू नये, निब दाबून फाकवून बघू नये. सांगायची गरज नाही, पण सांगावं लागतं.

गटात जुनं पेन समोर आलं की मोह होतोच, विशेषतः 1941 मध्ये आलेलं पार्कर 51. झाकलेली निब, नळीसारखा सरळ दांडा. आजही ते कामाचं पेन आहे. 1948 पासूनच्या एरोमेट्रिक प्रकारात शाईची पिशवी टिकाऊ प्लास्टिकची असते, ती बऱ्याचदा अजून धड निघते. त्याआधीच्या व्हॅक्युमॅटिक प्रकारात रबरी पडदा असतो आणि तो एव्हाना बदललेला असावाच लागतो. गटात दुरुस्ती जाणणारं कोणी असेल, त्यानं ते तुमच्यासमोर पाणी ओढून, धरून ठेवून दाखवलं आणि तुमच्या वहीत एक पान लिहून झालं, तरच विचार करा. अन्यथा पहिलं पेन नवंच, स्टीलच्या निबेचं आणि कन्व्हर्टरवालं घ्या.